गव्हांकुराला भुसावळचा उन्हाळा मानवत नाही

गव्हांकुर घरात लावायचे असतील तर कार्तिकात सुरू करा आणि होळी आली की ट्रे धुऊन माळ्यावर टाका. विचारणाऱ्याला मी पहिली गोष्ट हीच सांगते आणि ती फारसं कुणी ऐकत नाही, कारण गव्हाच्या रसाची आठवण माणसाला नेमकी एप्रिल-मेमध्ये होते. अंगात उष्णता वाढली, तोंड आलं, कुणी मोबाइलवर व्हिडिओ पाठवला, की कोठीतले दोन ओंजळी गहू त्याच रात्री भिजत पडतात. चार-पाच दिवसांत खोलीभर आंबूस वास.

गहू रब्बीचं पीक. आपल्याकडे बागायती गहू नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरतात तो हौस म्हणून नव्हे. गव्हाचा दाणा नीट उगवतो तो २० ते २५ अंशांत. भुसावळात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि स्लॅबच्या घरात रात्री अकरालाही भिंतीला हात लावला तर चटका बसतो. कुंडी सावलीत ठेवली म्हणून तिचा उन्हाळा चुकत नाही. मग लोक ट्रे कूलरसमोर ठेवतात. आम्हीही ठेवला होता. सासूबाईंचं हिमोग्लोबिन कमी निघालं होतं आणि घरात रस सुरू करायचा उत्साह दांडगा. कूलरची हवा मुळात ओली, टाकीतलं पाणी रोज कोण बदलतं, आणि दाणे एकमेकांना चिकटून पेरलेले. तिसऱ्या दिवशी दाण्यांवर पांढरं जाळं दिसलं, चौथ्या दिवशी ते करडं झालं. सासूबाई म्हणाल्या, “वरवरचं धुऊन घे, काही होत नही वो माय.” मी आख्खा ट्रे खड्ड्यात उलटा केला. त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, पण बुरशी धुऊन जात नाही. डोळ्यांना दिसते तेवढीच ती नसते. धागे खाली मातीत आणि दाण्याच्या आतही गेलेले असतात.

मात्र पांढरं दिसलं की ती बुरशीच, असंही नाही. मोड आल्यावर कोवळ्या मुळाभोवती बारीक पांढरी लव फुटते. ते मुळाचे केस. ते मुळालगत, सगळ्या बाजूंनी सारखे असतात, आणि पाण्याचा हबका मारला की मुळाला चिकटून दिसेनासे होतात. बुरशीचं जाळं एका दाण्यावरून दुसऱ्यावर जातं, पाणी मारलं तरी तसंच राहतं आणि नाक जवळ नेलं की कळायचं ते कळतं. नाकावर भरवसा ठेवा. ताज्या गव्हांकुराला ओल्या गवताचा वास येतो, दुसरा कुठलाही नाही.

आता गहू कुठला घ्यायचा? लोकवन, शरबती, त्र्यंबक, कुठलाही चालतो. जातीवरून वाद घालण्यात अर्थ नाही. दाणा अख्खा, टपोरा, गेल्या हंगामातला असावा आणि त्याला काही लावलेलं नसावं. खरी गोम इथेच आहे. आपण वर्षाचे गहू एकदाच भरतो. कुणी त्याला एरंडेल चोळतं, कुणी बोरिक पावडर, कुणी कोठीत कडुनिंबाचा पाला आणि बिब्बे टाकतं, कुणी गोळ्या ठेवतं. पोळीचा गहू आपण निवडून, पाखडून, दळून, भाजून खातो. गव्हांकुर कच्चे पितो. म्हणून ट्रेसाठी दोन किलो गहू, काहीही न लावलेला, वेगळ्या डब्यात ठेवलेला बरा.

याहून मोठा धोका पेरणीच्या बियाण्याचा. आमचे एक नातेवाईक यावलकडे शेती करतात. त्यांनी प्रेमाने सांगितलं, बाजारचा गहू कशाला, आमच्याकडे पिशवीतलं सर्टिफाइड बियाणं उरलंय, शंभर टक्के उगवेल. उगवलंही असतं. मी भिजत घातलं आणि पातेल्यातलं पाणी गुलाबी झालं. बियाण्याला थायरम, कार्बेन्डाझिम यांसारखी बुरशीनाशकं चोळलेली असतात. रंग मुद्दाम मिसळतात, खाण्याच्या धान्यापासून ते वेगळं ओळखू यावं म्हणून. पिशवीवर विषाचा इशारा असतो आणि खाण्यासाठी, जनावरांसाठी किंवा तेलासाठी वापरू नये असं छापलेलंही असतं. पण उरलेलं बियाणं घरी येतं ते स्टीलच्या डब्यात, आणि डब्यावर काही छापलेलं नसतं. दहा पाण्यांनी धुतलं तर चालेल का, असं मला अजून विचारतात. नाही चालणार. कार्बेन्डाझिम झाडाच्या अंगात भिनणारं औषध आहे. दाण्यातून ते कोंबात चढतं, आणि आपण पिणार कोंबच.

उगवण कशी होईल याची शंका असेल तर मोजके दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून तीन-चार दिवस ठेवा. प्रमाणित गव्हाच्या बियाण्याची किमान उगवण ८५ टक्के धरतात. घरच्या गव्हाला तेवढी नसली तरी तिच्या आसपास हवी. न उगवलेला प्रत्येक दाणा ट्रेमध्ये सडतो आणि शेजाऱ्याला सडवतो.

खरं तर घरात गहू उगवायचा कसा हे आपल्या घराघरांत दरवर्षी होतंच. नवरात्रात घट बसतो. पत्रावळीवर किंवा परडीत वावरातली माती, तीत धान्य, मधोमध पाणी भरलेला मातीचा घट. रोज माळ चढते, दसऱ्यापर्यंत धान वीतभर वाढतं, मग कुणी टोपीत खोवतं, कुणी केसांत माळतं. त्या घटाकडे मी पूर्वी भक्तीच्या नजरेनेच पाहायची. कुंडीच्या भानगडीत पडल्यावर लक्षात आलं की भाजलेल्या मातीचा तो घट सतत पाझरतो आणि भोवतीच्या मातीला लागेल तेवढीच ओल देत राहतो. वरून पाणी ओतलं की माती दबते, दाणे एका बाजूला वाहतात. पाझरात यातलं काही होत नाही. हल्ली मी ट्रेच्या मधोमध एक भाजलेलं साधं बोळकं पुरते, रंग न लावलेलं, आणि पाणी त्यातच भरते. पहिले दोन दिवस तेवढा वरून हलका शिडकावा. आपल्याकडे नळाचा भरवसा किती हे सांगायला नको; साठवणीच्या पाण्यात हे बोळकं फार सोयीचं पडतं.

घटाकडून घ्यायची नाही ती गोष्ट म्हणजे जागा. देवघराच्या कोपऱ्यात धान पिवळं आणि लांबुडकं होतं, ते उजेडासाठी धडपडतं म्हणून. ट्रे पहिले दोन-तीन दिवस ओल्या कागदाखाली झाकलेला चालतो. कोंब बोटाच्या पेराएवढे झाले की पूर्वेच्या खिडकीपाशी, उजेडात. कोवळी सकाळची उन्हं चालतील, दुपारची नकोत. पाती एका बाजूला झुकतात, म्हणून रोज ट्रे फिरवायचा. पंखा मंद चालू असला तर उत्तम, पात्यांमधली हवा खेळती राहते.

माती वावरातली आणू नका. आपली काळी माती कापसाला, केळीला सोनं. पण दोन-तीन इंच उथळ ट्रेमध्ये ती भिजली की फुगते, चिकट होते, मुळांना हवा मिळत नाही, आणि वाळली की भेगाळून मुळं तोडते. निम्मी माती, बाकी वाळू आणि कोकोपीट, एवढं पुरतं. मिश्रण हलकं व्हावं म्हणून दीपनगरच्या वीजकेंद्राची राख मिसळायचा सल्ला मला मिळाला आहे. राखेच्या विटा होतात, ठीक आहे; कच्चं खायच्या वस्तूखाली मी ती घालणार नाही. शेणखताची गरजच नाही. आठ-दहा दिवसांच्या पिकाला दाण्यातली शिदोरी पुरते, आणि ताज्या शेणाबरोबर नको ते जंतू येतात. २०११ मध्ये जर्मनीत मोड आलेल्या धान्यातून ई. कोलायची मोठी साथ पसरली, पन्नासच्या आसपास माणसं गेली, आणि शोध घेत घेत तपास पोचला तो मेथीच्या बियांपर्यंत. मोड आणि कोंब जितके पौष्टिक मानतो तितकेच ते जंतूंनाही मानवतात. पाती मातीच्या वर इंचभर सोडून, धुतलेल्या कात्रीने कापा. पुन्हा धुवा. रस लगेच प्या, फ्रीजमध्ये दुपारपर्यंत ठेवू नका.

कापणी सहा-सात इंचांवर, दुसरं पान डोकावू लागलं की. थंडीत आठ-दहा दिवस लागतात. एकदा कापल्यावर पुन्हा फुटतं, पण ते बारीक आणि चवीला कडवट. तिसऱ्याच्या वाटेला जाऊ नका. रोज रस हवा तर आठ-दहा ट्रे लागतात, रोज एक पेरायचा. फ्लॅटमध्ये हे आठवडाभरच टिकतं. दोन ट्रे लावून आठ-दहा दिवसांतून दोनदा रस, हे झेपण्यासारखं.

रसाच्या गुणांबद्दल मी हात राखून बोलते. हिरव्या पालेभाजीत जे असतं ते त्यात आहे. सासूबाईंचं हिमोग्लोबिन वाढलं ते डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्यांनी. रसाला श्रेय त्यांनी दिलं, मी वाद घातला नाही. पण आमच्या ओळखीच्या एका रेल्वेतून निवृत्त झालेल्या काकांनी रस सुरू केला आणि साखरेच्या गोळ्या बंद केल्या. महिन्याभरात पायाची जखम चिघळली आणि दवाखाना गाठावा लागला. रसाचं हे खूळ आपल्याकडचं नव्हे. जगभर गव्हांकुराचा प्रचार केला तो अमेरिकेतल्या ॲन विगमोर यांनी. आपल्या उपचारक्रमाने मधुमेहींची इन्सुलिनची गरज कमी होते किंवा संपते असा दावा केल्याबद्दल १९८२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या ॲटर्नी जनरलनी त्यांच्यावर खटला भरला आणि त्यांना तो दावा मागे घ्यावा लागला. व्हिडिओत हा भाग कधी येत नाही.

रक्त पातळ करण्यासाठी वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल तर रस सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा, कारण हिरव्या पात्यांतलं व्हिटॅमिन के त्या गोळीच्या उलट काम करतं. गव्हाची ॲलर्जी किंवा सिलिॲक असलेल्यांनी या वाटेला जाऊच नये. पात्यात ग्लुटेन नसलं तरी कापताना दाणा आलाच नाही याची खात्री कोण देणार? गरोदर बायका आणि अगदी लहान मुलांना कच्चा रस देऊ नका. त्यांना पालक शिजवून घाला.