भाचा पुन्हा त्या वाटेला जाऊ नये म्हणून

प्रश्न : सोळा वर्षांचा भाचा मोटारसायकल चोरीत सापडला. बाल न्याय मंडळाने जामिनावर सोडलंय. चांगली अद्दल घडवावी का? – एक मामा, मानवत

उत्तर : मामा, मारझोड नको, धाकानेही काही साधत नाही. अमेरिकेत मुलांना तुरुंगात नेऊन कैद्यांकरवी दम देण्याचे प्रयोग झाले. त्या मुलांचे गुन्हे उलट वाढले. आपल्या 2015 च्या बाल न्याय कायद्यातही मुलाला सुधारगृहासारख्या संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय आहे, आणि ते योग्यच आहे. शाळा सोडवून त्याला मोंढ्यात कामाला लावू नका. संध्याकाळी तो कुठे, कुणासोबत असतो, हे परिविक्षा अधिकाऱ्यांना खरं सांगा. त्यांच्या अहवालावरून मंडळ समुपदेशन किंवा देखरेख ठरवतं. घरात त्याला ‘चोर’ म्हणणं आजपासून बंद करा. दोष सिद्ध झाला तरी याच कायद्याच्या कलम 24 नुसार अशा प्रकरणात तो पुढे नोकरीला अपात्र ठरत नाही. हे त्यालाही समजावून सांगा.