उपचाराचे खेळणे : माप मुलाच्या हाताचे

शिंपी आधी टेप काढतो, मग कात्री. आम्ही कापडवाले हे रोज पाहतो. तरीही एका खेळण्याच्या बाबतीत आम्ही आधी कात्री चालवली. त्यातून मिळालेला धडा आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंपुढे ठेवीत आहोत.

काही लहान मुलांची बोटे नीट वळत नाहीत. कोणाचा हात थरथरतो, कोणाची पकड कमजोर असते. घास उचलणे, बटण लावणे, पेन्सिल धरणे त्यांना कठीण जाते. अशा रोजच्या कामांचा सराव करून घेणाऱ्या उपचारास व्यवसायोपचार किंवा ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात. त्याचे शिक्षण कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली मुंबईत सुरू केले. लहान मूल खेळातूनच सराव करते, म्हणून येथे खेळणे हेच उपचाराचे हत्यार होय.

यातील एक जुना नमुना मारिया माँटेसरी या इटालियन डॉक्टरबाईंचा आहे. त्यांनी सुरुवातीस मतिमंद समजल्या जाणाऱ्या मुलांबरोबर काम केले आणि १९०७ साली रोममध्ये बालगृह काढले. त्यांच्या साधनांत लाकडी चौकट असते. तिच्यावर कापडाचे दोन पदर, मध्ये बटणे. दुसऱ्या चौकटीवर हुक, तिसरीवर नाडी. एका चौकटीत एकच काम. सुतार आणि शिंपी मिळून ती सहज बनवू शकतात.

आम्ही रत्नागिरीत अशा बारा चौकटी बनवून घेतल्या. दुकानात होजिअरीचे तुकडे पडून होते, तेच वापरले. उपचार करणाऱ्या बाईंनी आमच्यासमोर एक चौकट चार वर्षांच्या मुलाला दिली. कापड ताणले जाई, काज वाकडे होई. तीनदा प्रयत्न करून मुलाने चौकट ढकलून दिली. नंतर चांगली चौकट दिली तरी तो हात लावीना. बाई म्हणाल्या, "तुम्ही माल पाहिलात, हात पाहिला नाही." बारा चौकटींचे नुकसान आम्ही सोसले, पण त्या मुलाची हिंमत गेली ते नुकसान मोठे होते.

तेव्हापासून आम्ही हा क्रम पाळतो :

१. मुलाला कोणते काम शिकवायचे, हे उपचार करणाऱ्यास आधी विचारावे. अंदाजाने काही करू नये.

२. सुरुवातीस ड्रिलसारखे जाड, न ताणणारे कापड घ्यावे. बटण मोठे, काज सैल. जमले की बटण लहान व काज घट्ट करावे.

३. नजर कमी असेल तर पांढऱ्या कापडावर काळे बटण लावावे. हात थरथरत असेल तर चौकट जड ठेवावी, म्हणजे ती सरकणार नाही.

४. खिळे मारू नयेत. कापड खोळीसारखे चौकटीवर चढवावे. ते धुता येते, आणि एकाच चौकटीवर निरनिराळी कापडे चढवता आल्याने गरीब आईबापांचा खर्चही वाचतो.

५. रंग पक्का हवा, कारण मूल वस्तू तोंडात घालते. घातक ॲझो रंगांवर आपल्याकडे १९९७ साली बंदी आली आहे.

६. बटण डिंकाने चिकटवू नये. दुहेरी दोऱ्याने शिवून जोराने ओढून पाहावे. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्याचा सुटा भाग ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या तपासणी नळीत पूर्ण मावला, तर तो घशात अडकण्याचा धोका मानतात.

कायद्याची बाजूही पाहावी. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह बंधनकारक आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांनी बनवून विकलेल्या वस्तूंना त्यातून सूट आहे. म्हणून कारागिराने आधी नोंदणी करून घ्यावी. सूट चिन्हापुरती आहे. बटण मजबूत शिवण्यापासून कोणालाच सूट नाही.

हे ठोक विक्रीचे काम नव्हे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशा मुलांसाठी जिल्हा पातळीवर उपचार केंद्रांची तरतूद आहे. तेथील उपचार करणाऱ्यांना भेटून पहिला नमुना एकच बनवावा. तो मुलाच्या हाती द्यावा आणि आपण गप्प बसून पाहावे. मुलाने तो पुन्हा मागितला, तरच दुसरा कापावा.