स्विच लावला की नेटचा वेग वाटला जातो का?

प्रश्न : आमचं घर दोन मजली आहे. फायबरचा राउटर खाली हॉलमध्ये. त्याचे बहुतेक पोर्ट टीव्ही आणि सीसीटीव्हीच्या डीव्हीआरने अडवलेत. वर माझं ऑफिसचं काम, मुलाचा कॉम्प्युटर आणि दुसरा टीव्ही. वायफायला स्लॅब ओलांडताना धाप लागते. दुकानदार म्हणतो, एक केबल वर न्या आणि पाच पोर्टांचा स्विच लावा. शेजारी म्हणतात, नका लावू, वेग पाच जणांत वाटला जातो. खरं कोणाचं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : शेजाऱ्यांचं म्हणणं खोटं नाही, जुनं आहे. पूर्वी अगदी स्विचसारखाच दिसणारा ‘हब’ नावाचा डबा मिळायचा. एका तारेतून आलेला मजकूर तो बाकीच्या सगळ्या तारांत ओतून मोकळा व्हायचा. एका वेळी एकानेच बोलायचं. दोघे एकदम बोलले की दोघांचंही वाया, पुन्हा पहिल्यापासून. तिथे वेग खरोखरच वाटला जायचा.

स्विचचं वागणं चाळीत नव्याने आलेल्या पोस्टमनसारखं. पहिल्या दिवशी तो चौकात उभा राहून नावाने हाक मारतो. ज्या खोलीतून ‘ओ’ येते ती खोली लक्षात ठेवतो आणि पुढची पत्रं थेट त्याच दारात टाकतो. नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला मॅक ॲड्रेस नावाचा स्वतःचा क्रमांक असतो. कोणता क्रमांक कोणत्या पोर्टावरून बोलला याची यादी स्विच आपसूक करतो. कोणी बराच वेळ, साधारण पाच मिनिटं, गप्प राहिलं तर त्याचं नाव यादीतून खोडतो आणि पुन्हा ऐकू आलं की लिहितो. तुम्हाला काहीच सेट करावं लागत नाही.

असा अनेक पोर्टांचा पहिला इथरनेट स्विच १९९०च्या सुमारास बाजारात आला. तो आणणाऱ्या सिलिकॉन व्हॅलीतल्या कंपनीचं नाव ‘कल्पना’. हो, आपल्याकडचंच नाव. सहसंस्थापक विनोद भारद्वाज भारतीय वंशाचे. त्यांनी पत्नीचं नाव कंपनीला दिलं होतं. १९९४मध्ये सिस्कोने ही कंपनी विकत घेतली.

तुमच्याकडे वाटली जाईल ती फक्त खालून वर येणारी एक केबल, आणि अर्थात तुमचा प्लॅन. केबल १००० मेगाबिटची आणि प्लॅन २०० चा असेल तर केबलची चिंता नको. वरच्या दोन कॉम्प्युटरांनी आपापसात फाइल पाठवली तर ती खाली उतरतही नाही, स्विचमधूनच वळते.

म्हणून खोक्यावर ‘१०/१००/१०००’ किंवा ‘गिगाबिट’ लिहिलेलं बघा. नुसतं ‘१०/१००’ असेल तर परत ठेवा. किमतीतला फरक इतका नाही की मोह व्हावा. पाच पोर्टांतला एक राउटरकडे जातो, हाती उरतात चार. मी तुमच्या जागी असतो तर आठ पोर्टांचाच घेतला असता. ‘मॅनेज्ड’ नावाचा महागडा प्रकार कार्यालयांसाठी असतो, घरी साधा पुरतो. राउटरचे पोर्टही एकदा तपासा. काही राउटरांत एकच पोर्ट गिगाबिट असतो, बाकीचे १०० चे. स्विचची केबल त्या वेगवान पोर्टातच घाला आणि टीव्ही दुसरीकडे हलवा. बऱ्याच टीव्हींचा लॅन पोर्ट मुळातच १०० चा असतो, त्यांचं काही बिघडत नाही.

आता केबल. लोक स्विच निवडायला आठवडा लावतात आणि केबल मात्र इलेक्ट्रिशियन आणेल ती. लॅन केबलमध्ये आठ तारा, चार जोड्यांत पिळलेल्या. १०० मेगाबिटला दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. उरलेल्या दोन जोड्यांतली एखादी तार क्लिपमध्ये नीट बसली नाही, तरी नेट चालतंच. दिवा लागतो, व्हिडिओ दिसतो, वेग मात्र गुपचूप १०० वर येतो, आणि शिव्या खाते नेट पुरवणारी कंपनी. कॉम्प्युटरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ‘लिंक स्पीड’ बघितला की पत्ता लागतो : तिथे १००० असायला हवं. शुद्ध तांब्याची ‘कॅट ५ई’ किंवा ‘कॅट ६’ मागा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्त पडते, पण ठिसूळ निघते. आणि केबल विजेच्या वायरिंगच्या पाइपातून ओढू देऊ नका. त्यात २३० व्होल्ट खेळतात, वेगळा पाइप हवा.

एक फजिती सांगतो. दिवाळीच्या साफसफाईत आमच्याकडे स्विचला जोडलेल्या केबलचं लोंबकळणारं दुसरं टोक कोणीतरी व्यवस्थितपणाच्या भरात त्याच स्विचच्या रिकाम्या पोर्टात खोचलं. दोन्ही टोकं एकाच डब्यात! सर्वांसाठी मारलेली हाक गोल गोल फिरत राहते, वाढत जाते आणि सगळं घर ठप्प होतं. स्विचचे दिवे वेड्यासारखे लुकलुकत होते. मी राउटर चार वेळा बंद-चालू केला, कंपनीत फोन केला, आणि उत्तर टेबलाखाली होतं.

वीज गेली की राउटर इन्व्हर्टरवर, स्विच मात्र साध्या प्लगवर, असंही हमखास होतं. त्याचाही प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. तीन वॉट खाल्ले तरी वर्षभराचे सव्वीस युनिट होतात. ॲडॉप्टर मात्र अदलाबदल करू नका. राउटरला बहुधा १२ व्होल्ट लागतात, लहान स्विचला अनेकदा ५. पिन सारखीच दिसते, डबा जळतो.

वरच्या मजल्यावर मोबाइललाही नेट हवंच असेल. जुना राउटर पडून असेल तर तो ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडमध्ये टाकून स्विचला जोडा. तो मोड नसेल तर त्याचा स्वतःचा पत्ता खालच्या राउटरपेक्षा वेगळा ठेवा, डीएचसीपी बंद करा, आणि केबल त्याच्या वॅन पोर्टात न घालता लॅन पोर्टात घाला. डीएचसीपी चालू राहिलं तर घरात पत्ते वाटणारे दोघे होतात आणि मग कोणाचा मोबाइल कोणाचं ऐकेल, सांगता येत नाही.