आय-सेव्हनच्या पुढचा नंबर वाचा

पालकहो, बारावीनंतरचे प्रवेश उरकले की घराघरांत लॅपटॉपचा विषय निघतो. दुकानात पहिला प्रश्न ठरलेला, ‘आय-फाइव्ह घेऊ की आय-सेव्हन?’ तुमच्या कष्टाचे पन्नास-साठ हजार या प्रश्नाच्या उत्तरावर खर्च होतात आणि प्रश्नच अर्धवट असतो, म्हणून हे चार शब्द.

पाच, सात हे नुसते गट झाले. खरी गोष्ट त्यापुढच्या नंबरात आणि शेवटच्या अक्षरात असते. एएमडीचे रायझन 5 7520यू आणि रायझन 5 7530यू पाहा. फरक एका आकड्याचा. पण 7520यू हा 2022 साली बाजारात आला तरी त्याच्या कोअरची रचना ‘झेन 2’, म्हणजे 2019 सालची, आणि कोअर चारच. 7530यूमध्ये सहा कोअर आणि त्यापुढची ‘झेन 3’ रचना. या मालिकेत रचना कोणती ते तिसरा आकडा सांगतो, आणि तो कोणी पाहत नाही. त्यात 7520यूच्या लॅपटॉपमधली रॅम बोर्डावरच पक्की केलेली असते. आठ जीबी घेतलीत, तर डिग्री संपेपर्यंत आठच. कर्ज काढून लॅपटॉप घेणाऱ्या घराला हे कोणी आधी सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

इंटेलमध्येही तेच. आय-सेव्हन 1255यू आणि आय-फाइव्ह 12450एच, दोन्ही बाराव्या जनरेशनचे. आय-सेव्हनमध्ये दहा कोअर आहेत खरे, पण ताकदीचे दोनच. आय-फाइव्हमध्ये आठांपैकी चार. पहिला मूळ 15 वॅटवर चालतो, दुसरा 45 वर. तासभर थ्रीडी रेंडरिंग लावलं, तर आय-फाइव्हच पुढे निघतो.

मग सगळ्यांनी ‘एच’च घ्यावा का? मुळीच नाही. तो तापतो, बॅटरी लवकर संपवतो, चार्जरही जड. बी.कॉम.ची मुलगी रोज लोकलने जाणार आणि टॅली, एक्सेल वापरणार असेल, तर तिला ‘यू’च बरा. आय-सेव्हनचे वाचलेले पैसे 16 जीबी रॅममध्ये घाला, ते तिला रोज उपयोगी पडतील.

म्हणून आधी कॉलेजातल्या सीनियर मुलांना विचारा, कोणती सॉफ्टवेअर लागतात? सॉलिडवर्क्स विंडोजसाठीच बनतं. मेकॅनिकलच्या मुलाला मॅकबुक घेण्याआधी हे माहीत हवं.

दुकानात मुलाला सोबत न्या. डेमोच्या लॅपटॉपवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’ उघडा. प्रोसेसरचं पूर्ण नाव आणि कोअर समोर दिसतात. ते कागदावर उतरवून घ्या, खोक्यावरच्या नंबराशी ताडून पाहा आणि बिलावरही तोच पूर्ण नंबर लिहून मागा. नुसतं ‘रायझन 5’ किंवा ‘आय-सेव्हन’ लिहून देत असतील, तर पैसे देऊ नका.