प्रयोगशाळा नाही, विज्ञान कसं शिकवू?

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत चौथीला शिकवते. प्रयोगाचं साहित्य नाही. मुलं नुसती उत्तरं पाठ करतात. काय करू?

उत्तर : बाई, मूठभर मटकी रात्रभर भिजवा. निथळून दोन ताटल्यांत ओल्या फडक्यावर पसरा. एक खिडकीपाशी ठेवा, दुसरी बंद कपाटात. मोड कुठे येतील, हे मुलांना आधी वहीत लिहू द्या. बरीच मुलं ‘खिडकीपाशी’ म्हणतील. फडकी सुकू देऊ नका. मोड दोन्हीकडे येतील. मटकी रुजायला ओल, हवा आणि ऊब लागते. उजेड लागतो तो पुढे, हिरव्या पानांना अन्न तयार करताना. पण हे लगेच सांगू नका. ‘असं का झालं?’ एवढंच विचारा आणि थांबा. चुकलेला अंदाज लाल शाईने मात्र कधीही खोडू नका.