वाटपाचे गणित आणि ‘एन्टीसी’ची शाखा

बारावीनंतर कॅप राउंडचे पर्याय भरताना आधी कॉम्प्युटर आणि तेथे नंबर न लागल्यास नाइलाजाने इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन, म्हणजेच ‘एन्टीसी’, असा क्रम अनेक घरांत ठरलेला असतो. मात्र ज्या विद्यार्थ्याला गणित आणि प्रोग्रॅमिंग दोन्ही आवडतात, त्याने याच शाखेतील रेडिओ रिसोर्स मॅनेजमेंट, म्हणजे बिनतारी ब्रॉडबँड जाळ्यातील मर्यादित साधनांचे वाटप, हा विषय अवश्य पाहावा.

टॉवरच्या वाट्याला आलेला स्पेक्ट्रम, म्हणजे वापरास परवानगी असलेला लहरींचा पट्टा, ताणून वाढत नाही. फोर-जीच्या एलटीई तंत्रात 20 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातून प्रत्येकी 180 किलोहर्ट्झचे 100 रिसोर्स ब्लॉक मिळतात आणि ते कोणत्या मोबाइलला द्यायचे, हे ‘शेड्युलर’ नावाचा प्रोग्रॅम दर मिलिसेकंदाला नव्याने ठरवतो. उत्तम सिग्नल असलेल्यालाच सारे ब्लॉक दिले, तर एकूण वेग वाढतो, पण दूरच्या ग्राहकाच्या हाती काही लागत नाही. सर्वांना सारखे वाटले, तर स्पेक्ट्रमचा पुरेपूर उपयोग होत नाही. म्हणून ‘प्रपोर्शनल फेअर’ पद्धतीत, या क्षणी मिळू शकणाऱ्या वेगाला आतापर्यंतच्या सरासरी वेगाने भागून ज्याचे उत्तर सर्वांत मोठे येते, त्याला ब्लॉक दिला जातो. त्यात सेवेच्या गुणवत्तेची अट येते: एलटीईवरील संभाषणाच्या पॅकेटला 100 मिलिसेकंदांची मुदत असते, मात्र शंभरात एखादे गहाळ झालेले चालते, फाइल डाउनलोडला 300 मिलिसेकंद मिळतात, पण तेथे गहाळ होण्याची मर्यादा दहा लाखांत एक इतकी कडक असते.

‘मुलीला टॉवरवर चढावे लागेल का’ ही पालकांची शंका येथे गैरलागू आहे, कारण हे काम मुख्यतः संगणकावर, उपकरणनिर्माते, चिप कंपन्या आणि सी-डॉटसारख्या संस्थांत चालते. मात्र संशोधनाच्या जागांसाठी नुसती पदवी सहसा पुरत नाही. गेटमार्गे आयआयटी मुंबईसारख्या संस्थेत एमटेक करण्याची तयारी ठेवणे शहाणपणाचे. संभाव्यताशास्त्र, रेखीय बीजगणित आणि सी++ यांना पर्याय नाही, आणि कॉम्प्युटर शाखेच्या विद्यार्थ्यालाही हा पाया घालून या क्षेत्रात शिरता येते. कल आजमावायचा असेल, तर दुसऱ्या वर्षीच एनएस-3 हे मोफत सिम्युलेटर उतरवून घ्यावे, एका टॉवरभोवती दहा मोबाइल मांडावेत आणि शेड्युलर बदलल्यावर सर्वांत दूरच्या मोबाइलचा वेग किती बदलतो, ते पाहावे.