मनगटावरचे घड्याळ : पाळतीसाठी नव्हे, स्वावलंबनासाठी

बौद्धिक दिव्यांगता, स्वमग्नता किंवा सेरेब्रल पाल्सी असलेली आपली मुले-मुली वयाने मोठी झाली, तरी आपण त्यांना लहानच समजतो. आपला दीप आपणच व्हावे, ही तथागतांची शिकवण त्यांच्यासाठीही आहे.

साधा फिटनेस बँड ठरलेल्या वेळी मनगटावर थरथरतो. औषध, अंघोळ, कामावर निघणे यांची आठवण आईने हाका न मारता होते. सुरुवातीला एकच आठवण लावावी. ती अंगवळणी पडली की दुसरी.

वाट चुकण्याची भीती असेल, तर सिमकार्ड, जीपीएस आणि मदतीचे बटण असलेले घड्याळ घ्यावे. नुसता ब्लूटूथचा बँड फोनपासून दूर गेल्यावर ठिकाण कळवू शकत नाही. दाट गल्लीत जीपीएसही चुकते, म्हणून खिशात घरच्या फोन नंबरची चिठ्ठी असावीच. रात्री चार्जिंगला लावण्याचे काम त्यांनाच शिकवावे.

घड्याळ बांधण्याआधी त्यांना विचारावे. ठिकाण कोण पाहणार, तेही सांगावे. पट्टा टोचतो म्हणून काढला, तर सक्ती करू नये.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या तिन्ही दिव्यांगतांचा समावेश आहे. यूडीआयडी कार्ड काढले नसेल, तर आधी ते काढून घेऊ या.